मराकेश फिरायचंय? मग आधी घड्याळ लावा

मोरोक्कोतल्या मराकेशला जाऊन आल्यापासून मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "किती दिवस पुरतील?" आणि माझं उत्तर ठरलेलं, दिवसांचं सोडा, तासांचं बोला. तीन पूर्ण दिवस रग्गड आहेत, पण कुठल्या ठिकाणी किती वाजता पोचायचं हे चुकलं तर आठवडा काढूनही हाताला काही लागणार नाही.

हे शहाणपण मार खाऊन आलंय. पहिल्यांदा मी आणि बायको गेलो तेव्हा बाहिया राजवाड्यात साडेअकराला घुसलो आणि माणसांच्या पाठी बघून बाहेर आलो, शुक्रवारी दुपारी बाजारात गेलो तर अर्धी शटरं खाली, माजोरेल बागेच्या दारात तिकिटाविना उभे, आणि भर दुपारी मेनाराच्या बागेत. दुसऱ्यांदा सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो, सासूबाई शुद्ध शाकाहारी, सासऱ्यांचे गुडघे कुरकुरणारे, आणि तरी ती ट्रिप दहापट चांगली झाली कारण क्रम बरोबर लावला होता. तोच क्रम खाली देतोय.

निघायच्या आधीची कामं

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, ई-व्हिसा मिळतो, फक्त मोरोक्को सरकारच्या अधिकृत साइटवरूनच भरा, सारख्या दिसणाऱ्या दलाल साइट्स खूप आहेत. भारतातून बहुतेक लोक आखातातून किंवा युरोपातून विमान बदलून कासाब्लांकाला उतरतात आणि तिथून ट्रेनने मराकेश, साधारण पावणेतीन तास. पहिल्या वर्गाचं तिकीट काढा, फार महाग नाही आणि सीट नंबर मिळतो.

सीझन मार्च ते मे, नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी पार करतो, आपण विदर्भातले असलो तरी सुट्टीत कशाला भाजून घ्यायचं. डिसेंबर-जानेवारीत दिवसा मस्त ऊन पण रात्री कडाक्याची थंडी, आणि जुन्या घरांत हीटिंग यथातथाच.

घड्याळाची एक गंमत लक्षात ठेवा. एरवी मराकेश आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, पण रमजानच्या महिन्यात तिथे घड्याळ एक तास मागे घेतात, म्हणजे फरक साडेपाच तासांचा. रमजानमध्ये राजवाडे, बागा, दुकानं सगळ्यांच्या वेळाही बदलतात, तेव्हा त्या महिन्यात जात असाल तर या लेखातल्या वेळा तशाच्या तशा घेऊ नका.

पैसे म्हणजे दिरहम, भारतात सहजासहजी मिळत नाही, तिथे उतरल्यावरच घ्यायचा. ढोबळ हिशोबाला एक दिरहम नऊ रुपयांच्या आसपास धरा. बाजारात, टॅक्सीत, बऱ्याच तिकीट खिडक्यांवर रोखच चालते आणि सुट्टे तर सोन्यासारखे जपा, टॉयलेटच्या दारातल्या मावशींनासुद्धा एक-दोन दिरहम द्यावे लागतात.

राहायचं जुन्या शहरातच

जुनं शहर म्हणजे मदिना, साधारण १०७० च्या सुमारास अल्मोराविद राजवटीने वसवलेलं, तटबंदीच्या आतलं. इथे रियाद म्हणजे चौकाच्या घरात राहा. आपल्या वाड्याची आठवण येते अगदी. गल्लीतून चालताना दोन्ही बाजूंना नुसत्या गेरूच्या रंगाच्या उंच भिंती, खिडकी नाही की नक्षी नाही, श्रीमंताचं घर कुठलं आणि गरिबाचं कुठलं कळायला मार्ग नाही, आणि एका बुटक्या दारातून वाकून आत गेलं, एक वळण घेतलं की मधोमध उघडा चौक, कारंजं, संत्र्याची झाडं. या शहरात बघण्यासारखं जे आहे ते सगळं असं भिंतीच्या आत आहे, त्यामुळे नुसतं रस्त्याने फिरून मराकेश दिसत नाही.

बुकिंग करताना दोन गोष्टी मेसेज करून विचाराच. एक, गाडी जिथपर्यंत येते तिथून दार किती मिनिटं चालत, कारण बहुतेक गल्ल्यांत टॅक्सी शिरतच नाही, सामान हातगाडीवाला नेतो आणि त्याचा भाव आधीच ठरवायचा. दोन, तळमजल्यावर खोली आहे का. जिने उभे आणि अरुंद असतात, पायऱ्या एकसारख्या नसतात, सासऱ्यांनी पहिल्याच रात्री "हा जिना आहे का रायगड" असं विचारलं होतं.

टॅक्सी छोटी, पिवळट-मातकट रंगाची, तिच्यात तीनच माणसं बसवतात. आम्ही चौघं, म्हणजे दर वेळी दोन टॅक्सी. बसायच्या आधी मीटर टाकायला सांगा, नाही म्हणाला तर पुढची बघा.

पहिली सकाळ: बाहिया नऊला, बदी साडेदहाला

बाहिया राजवाडा नऊला उघडतो. तुम्ही पावणेनऊला दारात असलात पाहिजे, हे मी हात जोडून सांगतोय, कारण दहाच्या सुमाराला टूर बसा येतात आणि मग प्रत्येक कमानीखाली छत्री वर धरलेला एक गाइड आणि त्याच्या मागे चाळीस टोप्या. परदेशी माणसाला इथल्या मोठ्या स्मारकांचं तिकीट शंभर दिरहमच्या घरात जातं, तेव्हा त्या शंभरात गर्दी बघायची की राजवाडा हे तुम्हीच ठरवा.

हा राजवाडा कुठल्या सुलतानाचा नाही, वजिराचा आहे. १८६० च्या दशकात सी मूसा नावाच्या वजिराने सुरू केला, त्याचा मुलगा बा अहमद १८९४ पासून पोरसवदा सुलतान अब्देलअझीझच्या नावाने खरा कारभार बघायला लागला आणि त्याने शेजारची घरं जागा विकत घेत घेत हा वाढवत नेला. म्हणून याला धड नकाशा नाही, एका अंगणातून दुसऱ्यात, तिथून बोळात, परत बागेत, असं भरकटायला होतं. १९०० साली बा अहमद गेला आणि सुलतानाने राजवाड्यातलं सामान उचलून नेलं. म्हणून आत एक खुर्ची दिसणार नाही. लोक "रिकामाच आहे की" म्हणत वीस मिनिटांत बाहेर पडतात. अहो, मान वर करा! छतं देवदाराच्या लाकडाची, त्यावर रंगवलेली फुलं आणि तारे, एका दालनाचं छत दुसऱ्यासारखं नाही. खाली झेलिज, म्हणजे भाजलेल्या रंगीत फरशीचे छेनीने तासलेले छोटे तुकडे जोडून केलेली नक्षी, वर चुन्यातलं कोरीव काम आणि त्याच्याही वर लाकूड, हा क्रम एकदा डोळ्यात बसला की पुढे सगळ्या इमारतींत तोच ओळखू येतो. संगमरवरी मोठ्या अंगणात दार उघडल्या उघडल्या फोटो काढून घ्या आणि मग निवांत उलटे मागे फिरा.

तिथून दहा मिनिटं चाललं की पत्र्याचे कंदील बनवणाऱ्यांचा चौक लागतो, प्लास दे फेर्ब्लांतिए, आणि त्याच्या पलीकडे अल-बदी. इथे गोव्याच्या मंडळींनी जरा जास्त वेळ थांबावं. ऑगस्ट १५७८ मध्ये उत्तर मोरोक्कोत अल-क्सार अल-कबीरजवळ लढाई झाली, त्यात पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्तियाँव मारला गेला. त्याला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे दोन वर्षांत पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे गेली आणि पोर्तुगालबरोबर गोवाही १६४० पर्यंत त्याच राजांच्या हाताखाली राहिला. आणि मोरोक्कोच्या बाजूला? त्याच लढाईत त्यांचाही सुलतान गेला, त्याचा भाऊ अहमद अल-मन्सूर गादीवर आला, आणि पकडलेल्या पोर्तुगीज सरदारांच्या सुटकेसाठी आलेल्या खंडणीतून त्याने हा राजवाडा बांधायला काढला. इटलीहून संगमरवर, वर सोन्याचा मुलामा. बदी म्हणजे ज्याला तोड नाही असा. शंभरेक वर्षांनी मौले इस्माइल नावाच्या सुलतानाने सगळं सोलून आपल्या मेकनेसच्या राजधानीला नेलं.

आता उरल्यात त्या उघड्या मातीच्या अजस्र भिंती, मधे लांबलचक हौद आणि दोन्ही बाजूंना जमिनीच्या पातळीपेक्षा खोल संत्र्याच्या बागा. खोल का, तर चालणाऱ्याच्या पायाशी झाडांचे शेंडे यावेत म्हणून, फुलांच्या गालिच्यावरून चालल्यासारखं वाटावं. भिंतींवर करकोच्यांची घरटी. करकोच्याला आवाज नसतो, तो चोच आपटून टकटकटक करतो, दोन-तीन घरट्यांतून एकदम सुरू झालं की सासूबाई म्हणाल्या, कुणीतरी लाटण्यावर लाटणं आपटतंय. एका खोलीत कुतुबिया मशिदीचा जुना मिंबर, म्हणजे इमाम ज्यावर चढून प्रवचन देतो ते व्यासपीठ, ठेवलाय, बाराव्या शतकात स्पेनमधल्या कोर्दोबात बनवलेला लाकडी जिना, त्याच्या बाजूचं जडावकाम बघायला चष्मा घेऊन जा. टोपी, पाणी विसरू नका, सावली जवळजवळ नाही.

सादी घराण्याच्या, म्हणजे बदी बांधणाऱ्या अल-मन्सूरच्याच घराण्याच्या, कबरी जवळच आहेत पण त्याच दिवशी कोंबू नका. दुसऱ्या दिवशी उघडताक्षणी जा. मौले इस्माइलने या कबरी भिंत घालून बंद केल्या होत्या, १९१७ मध्ये विमानातून घेतलेल्या फोटोंमुळे बाहेरच्या जगाला परत कळल्या. बारा खांबांच्या दालनापाशी रांग लागते आणि दारातूनच डोकावायचं असतं, मागचा माणूस खाकरायला लागतो. पाऊण तासाची रांग असेल तर माझं प्रामाणिक मत, सोडा, दुसऱ्या घुमटीतलं काम बघा आणि निघा.

८ सप्टेंबर २०२३ च्या भूकंपात जुन्या शहराचंही नुकसान झालं, दुरुस्तीमुळे एखादा भाग बंद असू शकतो, आदल्या रात्री रियादवाल्याला विचारून ठेवा.

आणि एकच इमारत बघायची असेल तर राजवाडे राहू देत, बेन यूसुफ मदरसा बघा. १५६५ च्या सुमाराचा, डागडुजीनंतर २०२२ मध्ये परत उघडला. खालच्या अंगणात डोळे दिपतात आणि वर गेलं की विद्यार्थ्यांच्या एवढ्याएवढ्याशा खोल्या, आपल्या चाळीतल्या न्हाणीघराएवढ्या. दुपारी चारनंतर गर्दी ओसरते, तेव्हा जा.

बाजार: आधी नुसतं बघा, मग घ्या

बाजाराला तिकडे सूक म्हणतात. माझा नियम, पहिल्या दिवशी एक पैसाही खर्च करायचा नाही. सकाळी दहा-साडेदहाला आत शिरा, दुकानं उघडत असतात, कारागीर कामाला बसलेले असतात, गळेपडूपणा कमी. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर बरंच बंद असतं, तो दिवस बागांना द्या.

रस्ता असा: जेमा अल-फना चौकाकडे पाठ करून उत्तरेला सूक सेम्मारीन, ही मुख्य छपराची गल्ली, कापड-चपला-पर्यटकांचा माल. थोडं आत उजवीकडे रहबा कदीमा, कदीम म्हणजे जुना, जुना चौक, टोपल्या, लोकरीच्या टोप्या, मसाले. शेजारच्या गाळ्यात आज गालिचे लटकतात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे गुलामांचा लिलाव व्हायचा. पुढे अत्तारीन, आपला अत्तर शब्द आठवा, मग लोहारांचं हद्दादीन आणि रंगाऱ्यांचं सब्बागीन, तिथे वरती ओल्या लोकरीच्या लडी वाळत असतात, खांद्यावर निळा थेंब पडला की समजा पोचलात.

सुतारांच्या गल्लीत एका म्हाताऱ्या आजोबांपाशी आम्ही अर्धा तास बसलो. जमिनीवर बसलेले, एका हातात धनुष्यासारखी कामटी, तिची दोरी लाकडाच्या दांडीला गुंडाळलेली, कामटी पुढेमागे केली की दांडी फिरते, आणि पटाशी धरलीये पायाच्या अंगठ्यात! दोन मिनिटांत कडीत कडी अडकलेलं छोटंसं लटकन तयार, जोड कुठे नाही. सासऱ्यांनी आयुष्यभर कारखान्यात लेथ चालवलाय, त्यांनी खिशातून चष्मा काढून ते चारदा फिरवून बघितलं आणि शेवटी आजोबांच्या अंगठ्याकडे बोट दाखवून नुसती मान हलवली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पहिल्या दिवशी खर्च नाही हा माझा नियम तिथेच मोडला.

चालताना मागून "बालाक!" ओरडलं की भिंतीला चिकटा, गाढव, हातगाडी किंवा स्कूटर यापैकी काहीतरी येतंय. नको असेल तर "ला, शुक्रन", पुरे म्हणायला "साफी", केवढ्याला म्हणायला "ब्शहाल". एवढ्यावर बाजार निभतो.

"हा रस्ता बंद आहे, चौक तिकडे आहे" किंवा "आज चामड्याच्या कारखान्यात खास उत्सव आहे, शेवटचा दिवस" असं कुणी आपणहून सांगितलं की ओळखायचं. रस्ता बंद नसतो आणि उत्सव रोज असतो. पहिल्या खेपेला मी फसलो, एक पोरगा गप्पा मारत मारत पार चामडं कमावतात त्या बाब देब्बागपर्यंत घेऊन गेला, हातात वासासाठी पुदिना दिला, आणि परतीला दोनशे दिरहम मागितले. शेवटी पन्नासवर सुटका. रस्ता विचारायचाच असेल तर दुकानात बसलेल्या माणसाला विचारा, उभ्या माणसाला नको. आणि हरवलातच तर वर बघत कुतुबियाचा मिनार शोधा, साधारण ७७ मीटर उंच आहे. मशिदीत मुस्लिमेतरांना प्रवेश नाही, बाहेरच्या बागेतून बघायचं.

आता खरेदी. आधी मोहम्मद पाचवा रस्त्यावरच्या सरकारी हस्तकला केंद्रात चक्कर मारा, तिथे भाव बऱ्यापैकी ठरलेले असतात, त्यामुळे अंदाज येतो. मग बाजारात घासाघीस. तुळशीबागेत तयार झालेल्या माणसाला वेगळं काय शिकवायचं, पण एक फरक आहे, इथे आकडा तोंडातून काढला म्हणजे तुम्ही घेणार असं धरतात. घ्यायचं नसेल तर आकडा बोलायचाच नाही, नुसतं छान आहे म्हणून पुढे. आणि निघून जायचं नाटक एकदाच चालतं.

आर्गन तेल दोन प्रकारचं, खायचं असतं ते भाजलेल्या बियांचं, गडद आणि खमंग, अंगाला लावायचं फिकट. केशर रस्त्यावर स्वस्तात मिळतंय म्हणजे ते केशर नाही. रास-एल-हानूत हा त्यांचा गोडा मसाला समजा, प्रत्येक दुकानाचा वेगळा, थोडासाच घ्या. बाबूश चपला नाक लावून घ्या, कच्च्या चामड्याचा वास घरी येऊन महिनाभर जात नाही.

बागा: कडक उन्हाला एक, मावळतीला एक

माजोरेल बागेचं तिकीट ऑनलाइन, वेळ ठरवून, आठवडाभर आधी काढा, आणि सकाळची पहिली वेळ घ्या नाहीतर सरळ रद्द करा. फ्रेंच चित्रकार जाक माजोरेलने १९२३ मध्ये ही जागा घेतली, तिथल्या त्या गडद निळ्या रंगाला त्याचंच नाव पडलंय. १९८० मध्ये फॅशनवाले ईव्ह सां लोराँ आणि पिएर बेर्जे यांनी ती विकत घेतली. निवडुंग, बांबू, निळं घर, सुंदरच आहे, पण दहानंतर ती बाग नसून सेल्फीची रांग असते. शहरातली सगळ्यात महाग बाग हीच, तेव्हा बजेट तंग असेल तर गाळा, मी कुणाला सांगणार नाही.

भर दुपारी बारा ते तीन ल जार्दें सक्रे, म्हणजे गुपित बाग, बाजाराच्या पोटातच आहे, २०१६ मध्ये लोकांना खुली झाली. सावली, बाक, चहा, स्वच्छ टॉयलेट, सासऱ्यांनी इथे डुलकी काढली. पण मला भावलं ते पाणी. ॲटलास डोंगराकडचं भूजल जमिनीखालच्या लांब बोगद्यांतून नुसत्या उतारावर शहरात आणायचे, त्याला खेत्तारा म्हणतात, आणि पाणी बागेत कसं खेळवायचे ते इथे मांडून दाखवलंय. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आणि नहर-ए-अंबरी बघितली असेल तर लगेच ओळखाल, मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे हेच तंत्र वापरलं.

संध्याकाळी मेनारा. फुलांची बाग समजून गेलात तर निराश व्हाल, आहे काय तर ऑलिव्हची झाडं, बाराव्या शतकातला भलामोठा तलाव आणि काठावर हिरव्या कौलांची एक बंगली. सूर्य कलला की पाण्यात बंगली आणि हिवाळ्याच्या शेवटाला मागे बर्फाचे डोंगर. स्थानिक कुटुंबं डबे घेऊन बसलेली असतात, तुम्हीही पाव, ऑलिव्ह, संत्री घेऊन जा. दुपारी जाल तर फक्त ऊन आणि धूळ, आम्ही खाल्लीये.

अंधार पडल्यावर चौक, आणि शाकाहारी पोटाची सोय

जेमा अल-फना दिवसा ओसाड मैदान वाटतं. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी एखाद्या गच्चीवरच्या कॅफेत जागा पकडा, एक पुदिन्याचा चहा घेऊन बसा, खाली धूर उठायला लागतो, गाड्या मांडल्या जातात, गोल करून वादक आणि गोष्टी सांगणारे बसतात. ही लोककलेची परंपरा युनेस्कोने २००१ मध्येच गौरवलीये. खाली उतरल्यावर कॅमेरा जपून, फोटो काढला की पैसे, सापवाला गळ्यात साप टाकायच्या आत सटका, साखळीतल्या माकडांना कृपा करून पैसे देऊ नका. मेंदीवाल्या बायका हात धरूनच सुरू करतात, हात खिशात ठेवा.

शाकाहारी लोकांनी "भाज्यांचं" एवढंच सांगून भागत नाही, कुसकुसवर, म्हणजे वाफवलेल्या रव्याच्या दाण्यांवर, भाज्या असतात पण रस्सा मटणाचा, हरीरा सूपमध्येही बऱ्याचदा मांस असतं. "मांस नको, रस्साही नको" असं रियादवाल्याकडून फ्रेंचमध्ये कागदावर लिहून घ्या. निर्धास्त खायचं ते झालूक, सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "अगं हे तर आपलं भरीत, नुसता टोमॅटो जास्त." शिवाय टाकतूका म्हणजे ढोबळी मिरची-टोमॅटो, सकाळी बिस्सारा हे बाकल्याच्या डाळीचं घट्ट सूप, आणि म्सेम्मेन, चौकोनी घडीची पोळीच ती, मध लावून. मांसाहारी असाल तर टांजिया सोडू नका, मातीच्या मडक्यात मटण घालून हमामच्या, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघराच्या, भट्टीच्या राखेत तासन् तास ठेवतात.

निघायच्या दिवशी उरलेले दिरहम विमानतळावर पासपोर्ट तपासणीच्या आधीच बदला, बाहेर त्यांना कुणी विचारत नाही. आणि मिठातल्या लिंबांची बरणी घेतली असेल तर ती मोठ्या बॅगेत, चेक-इनला. लोणच्यासारखीच दिसली तरी आत पाणी आहे, हँडबॅगेत चालत नाही. सासूबाई सिक्युरिटीच्या मुलीला मराठीतून पाच मिनिटं समजावत होत्या, ती हसत होती, बरणी तिथेच राहिली.